जर्सीत व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंट – ट्रेनिंग किती लागतं आणि आग लागली तर नक्की येतात किती जण?

सेंट्रलजर्सीकर

नमस्कार मंडळी, जरा वेगळा विषय आहे, इथे कोणी व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंटमधे असेल तर प्लीज लिहा.

आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत घर घेतलं. होम इन्शुरन्सवाल्याने विचारलं फायर स्टेशन किती लांब, हायड्रंट किती फुटांवर, मी सांगितलं स्टेशन एक मैलाच्या आत आहे, तो खूष मी पण खूष. आता शेजारच्याशी बोलताना कळलं की त्या स्टेशनात रात्री कोणी नसतंच! म्हणजे बंब आहेत, चकाचक लाल, पण माणसं आपापल्या घरी झोपलेली. पेजर वाजला की उठायचं, स्वतःची गाडी काढून स्टेशनला जायचं, तिथून बंब काढायचा आणि मग आपल्याकडे. माझं लहानपण भायखळ्याला गेलंय, फायर ब्रिगेडच्या हेडऑफिसच्या आसपास, आमच्या डोक्यात बंबवाला म्हणजे पगारी जवान, चोवीस तास तयार, घंटा वाजली की गाडी गेटबाहेर. इथे अमेरिकेत हा प्रकार असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

तर स्टेशनबाहेर बोर्ड लागलाय "व्हॉलंटियर्स हवेत, अनुभवाची गरज नाही". मी चाळिशीच्या आत आहे, घरून काम करतो, म्हणजे दिवसा घरीच असतो. जॉइन व्हावं असं मनात आहे पण ते "अनुभवाची गरज नाही" वाचून उलट टेन्शन आलं, की म्हणजे कोणालाही घेतात का? माझ्यासारखा एक्सेल शीटवाला जर उद्या जळत्या घरात शिरणार असेल तर त्या घरवाल्याचं काय आणि माझं काय. काही नियम आहेत का, किती तासांचं ट्रेनिंग, किमान किती माणसं यायला हवीत असं कुठे लिहिलंय का? दाढी ठेवतो मी, त्याचा काही प्रॉब्लेम येतो म्हणे. आणि बायकोचा प्रश्न वेगळाच, तुला काही झालं तर पैसे कोण देणार. सगळ्यावर लिहा.

हॅलिगनवाला

अरे वा, बऱ्याच दिवसांनी माझ्या कामाचा धागा. मी जर्सीतच आहे, व्हॉलंटियर कंपनीत लेफ्टनंट, दिवसा आयटीतच हमाली. मोठं होणार आहे, चहा घेऊन बस.

पहिलं ते बोर्डाचं. "अनुभवाची गरज नाही" म्हणजे येताना अनुभव नको, ट्रेनिंगची गरज नाही असं नव्हे. जर्सीत फायरफायटर वन हे सर्टिफिकेट राज्याच्या नियमाने लागतं, पगारी असो की व्हॉलंटियर, कोर्स तोच आणि परीक्षा तीच. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवार किंवा रविवार, असं काही महिने चालतं, तासांत बोलायचं तर दीडशे-दोनशेच्या घरात, अकॅडमीप्रमाणे कमीजास्त. होज ओढणं, शिड्या लावणं, दार फोडणं, धुरात गुडघ्यांवर रांगत खोली शोधणं, गाठी मारणं, रसायनांची ओळख, रेडिओवर मेडे (मी अडकलोय, वाचवा) कसा द्यायचा, आणि शेवटी खरी आग लावलेल्या काँक्रीटच्या बिल्डिंगमधे जाणं. फी बहुतेक ठिकाणी डिपार्टमेंट किंवा काउंटी भरते. ते सर्टिफिकेट हातात येईपर्यंत तू ट्रकवर बसून गेलास तरी बाहेरची कामं करायची, हायड्रंट जोडणं, सिलिंडर बदलून देणं, दिवे लावणं. आत नाही म्हणजे नाही. एखादा चीफ म्हणाला की "चल, बघू काय होतं ते", तर तिथून पाय काढायचा.

दाढी. हो, जाणार. मास्क चेहऱ्याला घट्ट चिकटला नाही तर धूर आत येतो, त्यामुळे सील जिथे बसतं तिथे केस चालत नाहीत, हा ओशाचा (कामाच्या जागच्या सुरक्षेचं केंद्राचं खातं) रेस्पिरेटरचा, म्हणजे श्वासाच्या मास्कचा नियम आहे आणि दरवर्षी फिट टेस्ट होते. मिशी ठेव, कोल्हापुरी नको फक्त. त्याआधी मेडिकल फॉर्म भरावा लागतो, बीपी-शुगर असेल तर डॉक्टर अडवू शकतो आणि त्याने अडवलंच पाहिजे. ड्युटीवर मरणाऱ्या फायरफायटर्समधे आगीने जितके जात नाहीत त्याच्या कितीतरी पट जास्त हार्ट अटॅकने जातात, वर्षानुवर्षं साधारण निम्म्या मृत्यूंचं कारण हृदय. झोपेतून उठून पाच मिनिटांत वीस-पंचवीस किलोचं ओझं अंगावर घालून जिना चढायचा, आणि आपण देशी लोक, आपल्याला ते तसंही लवकर गाठतं.

आता माणसं किती, हा खरा मुद्दा आणि यावर कोणी धड बोलत नाही. एनएफपीए नावाची आगीपासून सुरक्षेची स्टँडर्ड्स काढणारी संस्था आहे, तिची १७१० आणि १७२० अशी दोन स्टँडर्ड्स २००१ पासून आहेत. १७१० पगारी डिपार्टमेंटसाठी, बंबावर किमान चार माणसं आणि पहिला बंब चार मिनिटांच्या प्रवासात पोचायला हवा वगैरे. १७२० व्हॉलंटियरवाल्यांसाठी आणि ते वस्तीच्या दाटीप्रमाणे बदलतं. चौरस मैलाला हजारपेक्षा जास्त लोक असतील तर १५ माणसं ९ मिनिटांत, दहापैकी नऊ वेळा. पाचशे ते हजार असतील तर १० माणसं १० मिनिटांत, दहापैकी आठ वेळा. त्याहून विरळ खेडेगाव असेल तर ६ माणसं १४ मिनिटांत. गंमत अशी की जर्सी हे देशातलं सगळ्यात दाट राज्य, अख्ख्या राज्याची सरासरीच हजारच्या वर जाते, म्हणजे तुझी टाउनशिप दिसायला कितीही झाडाझुडपांची असली तरी कागदावर ती बहुतेक "अर्बन"च. पंधरा माणसं, नऊ मिनिटं. मंगळवारी दुपारी अडीच वाजता कुठल्या व्हॉलंटियर कंपनीत पंधरा माणसं नऊ मिनिटांत जमतात ते मला दाखव, मी त्यांच्या पाया पडतो.

आणि हे स्टँडर्ड म्हणजे कायदा नाही हं. टाउनशिपने स्वीकारलं तर बंधन, नाहीतर भिंतीवर लावायला.

कायदा आहे तो दोन आत दोन बाहेर. आत जाणारे किमान दोघं, एकमेकांच्या नजरेच्या किंवा आवाजाच्या टप्प्यात, आणि बाहेर दोघं पूर्ण तयारीत, आतले अडकले तर काढायला. अपवाद एकच महत्त्वाचा, आत माणूस अडकलाय हे माहीत असेल तर थांबायचं नाही. म्हणजे घरातले सगळे बाहेर लॉनवर उभे आहेत आणि आमचे तीनच इंटिरियरवाले (आत जायचं सर्टिफिकेट असलेले) पोचलेत, तर आम्ही बाहेरून पाणी मारत चौथ्याची वाट बघतो आणि शेजारी व्हिडिओ काढत विचारतात हे लोक आत का जात नाहीत.

म्हणून रोस्टरवर किती नावं आहेत हे विचारू नकोस, त्याला काही अर्थ नाही. गणपती मंडळाच्या पावतीपुस्तकावर पन्नास कार्यकर्ते आणि मांडव सोडवायला सहा, तोच प्रकार. त्या नावांत सत्तरीचे आजोबा आहेत जे फक्त ट्रक चालवतात, कॉलेजला गेलेली पोरं आहेत, शेजारच्या राज्यात नोकरी करणारे आहेत. आकडा विचारायचा तो एकच, दिवसा आठवड्याच्या मधल्या वारी पहिल्या बंबावर आत जाऊ शकणारे किती जण बसतात. तू घरून काम करतोस हे ऐकल्यावर तुझा चीफ तुला मिठी मारेल बघ, दिवसाचीच बोंब आहे सगळीकडे.

बायकोला सांग: जर्सीत व्हॉलंटियरला वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामावर इजा झाली तर मिळणारी भरपाई, लागू आहे. ड्युटीवर मृत्यू झाला तर केंद्र सरकारची पीएसओबी नावाची कुटुंबाला पैसे देणारी योजना आहे, १९७६ पासून, त्यात पगारी-बिनपगारी असा भेद नाही, रक्कम सध्या चार लाख डॉलरच्या वर. २००३ च्या कायद्याने कॉलनंतर चोवीस तासांत आलेला हार्ट अटॅकपण बहुतेक वेळा त्यात धरतात. तरी स्वतःचा टर्म इन्शुरन्स हवाच, आणि त्या कंपनीला आधी कळव.

खडूस_काका

वाचलं सगळं. म्हणजे आम्ही वर्षाला बारा-चौदा हजार डॉलर प्रॉपर्टी टॅक्स भरायचा आणि बदल्यात काय, तर शेजारचा प्लंबर पेजर वाजला की पँट शोधतोय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. पोलीस पगारी, शाळा पगारी, कचरेवाला पगारी, आणि माझं पोर वरच्या मजल्यावर झोपलेलं असताना येणारा तेवढा हौशी! मला त्या लोकांबद्दल आदर आहे, खरंच आहे, पण आदर वेगळा आणि व्यवस्था वेगळी. सरळ पगारी डिपार्टमेंट करा, स्टँडर्ड पाळा, विषय संपला.

हॅलिगनवाला

काका, हौशी म्हणा, चालेल, हौशे-नवशे-गवशे तिन्ही आमच्यात आहेत. पण हिशोब करा. आठवड्याचे १६८ तास, एक माणूस साधारण ४२ तास करतो, म्हणजे बंबावरची एक सीट चोवीस तास भरलेली ठेवायला चार माणसं, रजा-आजारपण-ट्रेनिंग धरलं की पाच. चार सीटचा एकच बंब म्हणजे अठरा-वीस पगारी माणसं, त्यांचे पगार, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स. आणि एवढं करून घराच्या आगीला पोचणार किती? चार. बाकीचे अकरा तरीही शेजारच्या गावातूनच येणार. वीस-तीस हजार वस्तीच्या टाउनशिपला हे झेपतं का ते तुमच्या कौन्सिलला विचारा, टॅक्स वाढवायच्या मीटिंगला सगळ्यात पुढे हात वर करून तुम्हीच उभे असाल (कृ. ह. घ्या.).

मधला मार्ग बऱ्याच गावांनी धरलाय, सोमवार ते शुक्रवार दिवसा चार पगारी, रात्री आणि वीकेंडला व्हॉलंटियर. ते चालतं. पण मग कधीकधी व्हॉलंटियर म्हणतात, पगारी आहेत ना, मग मी कशाला उठू. तो एक वेगळाच रोग.

खडूस_काका

हात मीच वर करीन, बरोबर ओळखलंत. पण निदान मला खरा आकडा सांगून मग टॅक्स मागा. "आपलं डिपार्टमेंट सज्ज आहे" एवढंच दरवर्षी न्यूजलेटरमधे छापतात.

पोकोनोचा_पाव्हणा

मी डेलावेअर नदीच्या पलीकडे, पेनसिल्व्हेनियात. इथे चित्र वेगळं आहे म्हणून लिहितोय. व्हॉलंटियर फायर कंपनी ही आमच्याकडची जुनी गोष्ट, बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियात १७३६ साली युनियन फायर कंपनी काढली, त्या घराण्यातले आम्ही. पण राज्याने व्हॉलंटियरला किमान इतकं ट्रेनिंग हवंच असा नियम केलेला नाही, प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. आमच्या कंपनीत इंटिरियरला जायला पूर्ण कोर्स लागतो, पुढच्या खोऱ्यात काय चालतं मला विचारू नका.

एक सांगतो पण. हॅलिगनवाल्यांना स्टँडर्ड फार प्रिय दिसतंय. आमच्या राज्यात १९७० च्या दशकात तीन लाखांच्या आसपास व्हॉलंटियर होते असा अंदाज सांगतात, २०१८ च्या विधिमंडळाच्या कमिशनच्या अहवालात तोच आकडा अडतीस हजारांवर आलेला. अडतीस! देशभरात पण १९८४ साली नऊ लाखांच्या जवळ होते, २०२० ला पावणेसात लाखांवर आले, आणि कॉल मात्र कैक पटींनी वाढले. आता अशात दोनशे तास ट्रेनिंग करा, दरवर्षी रिफ्रेशर करा, फिट टेस्ट करा, ऑनलाइन मोड्यूल करा, आणि वर फंड उभा करायला रविवारी पॅनकेक ब्रेकफास्ट पण तुम्हीच लावा. दोन नोकऱ्या करणारा, दोन लहान पोरं असलेला बाप्या कुठून काढणार वेळ? २०२४ च्या फेब्रुवारीत ओशाने नवीन इमर्जन्सी रिस्पॉन्स नियमाचा मसुदा काढला, जुना फायर ब्रिगेडचा नियम १९८० चा होता तो बदलायला, तेव्हा छोट्या व्हॉलंटियर डिपार्टमेंट्सनी किती आरडाओरडा केला, की हे लागू झालं तर आम्ही शटर ओढू. उगाच नव्हता ओरडा. सहा कच्ची माणसं यायची तिथे शून्य पक्की माणसं येणार असतील तर फायदा काय.

हॅलिगनवाला

पाव्हणे, वेळेचं दुखणं शंभर टक्के मान्य. रात्री अकराला अकॅडमीतून येऊन सकाळी आठच्या स्टँडअपला बसलोय मी, मला नका सांगू. पण ते "सहा कच्ची" मला पटत नाही.

न्यूयॉर्क राज्यात लेअर्ड्सव्हिल म्हणून खेडं आहे. २००१ च्या सप्टेंबरमधे, ट्विन टॉवर्स पडून दोन आठवडे झाले होते, तिथल्या व्हॉलंटियर डिपार्टमेंटने एका रिकाम्या घरात ट्रेनिंग लावलं. एकोणीस वर्षांचा पोरगा, नुकताच भरती झालेला, त्याला मास्क चढवून वरच्या मजल्यावर "अडकलेला माणूस" म्हणून झोपवला. खाली आग लावली, फोमने पेट घेतला आणि मिनिटांत सगळा जिना धुराने भरला. तो पोरगा गेला, दुसरे दोघं भाजले. तिथल्या असिस्टंट चीफवर खटला झाला आणि दोषी ठरला. लाइव्ह बर्नसाठी एनएफपीएचं १४०३ हे स्टँडर्ड तेव्हा आधीपासून होतं, त्यात स्पष्ट लिहिलेलं की माणसाला बळी म्हणून आत ठेवायचं नाही. पुढे न्यूयॉर्कला त्यावर कायदाच करावा लागला. त्या पोराची तयारी काय होती, तर काही आठवड्यांची मेंबरशिप. ही तुमची कच्ची माणसं.

आणि दुसरं, आग आता तुमच्या आजोबांच्या काळातली राहिलेली नाही. युएल नावाच्या सेफ्टी टेस्टिंग संस्थेने दोन खोल्या जाळून बघितल्या, एकीत जुनं लाकडी आणि कापसाचं फर्निचर, दुसरीत आजचं फोम आणि पॉलिएस्टरवालं. जुनी खोली पूर्ण पेटायला अर्धा तास लागला, आजची चार मिनिटांच्या आत. आम्ही पोचतो आठ-नऊ मिनिटांनी. म्हणजे आम्ही जातो तेव्हा घर आधीच सगळ्यात वाईट अवस्थेत असतं, आणि तिथे खिडकी कधी फोडायची कधी नाही हे न कळणारा माणूस एका फटक्यात हवा देऊन अख्खा मजला पेटवू शकतो. कमी माणसं असताना तर ट्रेनिंग जास्तच लागतं, कारण चूक झाकायला मागे कोणी नसतं.

काय सोपं करता येईल ते करा ना. कोर्स तुकड्यांत द्या, थिअरी घरून ऑनलाइन, बाहेरची कामं करणाऱ्याला वेगळं छोटं सर्टिफिकेट, फंड उभारायचं काम फायरफायटरच्या डोक्यावरून काढा. सेफर नावाची केंद्राची ग्रँट भरतीसाठीपण मिळते, अर्ज लिहायला माणूस लागतो एवढंच. पण आत जायची लाइन खाली आणू नका.

मेलबर्नवहिनी

इकडे ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात बुशफायरच्या (जंगलाच्या आगीच्या) गाड्यांवर बहुतेक व्हॉलंटियरच असतात, सीएफएचे म्हणजे कंट्री फायर ऑथॉरिटीचे. माझे मिस्टर आहेत म्हणून मला थोडं माहितीये. हॅलिगनवाल्या भाऊजींनी लिहिलं तसलंच इथेही घडलंय. डिसेंबर १९९८ ला लिंटनला जंगलाची आग होती, संध्याकाळी वारा फिरला आणि जीलाँग वेस्ट ब्रिगेडचा एक टँकर पाच जणांसकट आगीत सापडला, पाचही व्हॉलंटियर गेले. त्याच्या चौकशीनंतर इथे "मिनिमम स्किल्स" आलं, म्हणजे ते केल्याशिवाय आगीवर जायचंच नाही, आणि टँकरमधलं थोडं पाणी स्वतःला वाचवायला राखूनच ठेवायचं, शेवटचा थेंब आगीवर मारायचा नाही. मिस्टरांच्या ब्रिगेडमधे जुने शेतकरी आहेत, ते सांगतात तेव्हा खूप लोक चिडले होते, की आम्ही चाळीस वर्षं आगी विझवतोय आणि आम्हाला आता कोण शिकवणार. काही सोडून गेले. पण बाकीचे बसले वर्गात. आता कोणाला त्यात विशेष वाटत नाही, नवीन पोरं तर आधी कोर्स मगच पिवळे कपडे असंच धरून चालतात.

आमच्याकडे पण दिवसा माणसं मिळत नाहीत हं. ते सगळ्या देशांत सारखंच दिसतंय.

श्वार्झवाल्डकर

जर्मनीतून. इथे साधारण दहा लाख लोक व्हॉलंटियर फायरफायटर आहेत, पगारी दलं मुख्यतः मोठ्या शहरांत, लाखाच्या वर वस्ती असेल तिथे. बेसिक कोर्स सत्तरेक तासांचा, पण त्याने तू अर्धाच होतोस, उरलेलं दोन वर्षं आपल्याच स्टेशनात शिकत पूर्ण करायचं. मास्क घालून आत जायचं असेल तर वेगळा कोर्स, वेगळी डॉक्टरी तपासणी आणि दरवर्षी धुराच्या अंधाऱ्या पिंजऱ्यात रांगून दाखवायचं, ते नाही जमलं तर त्या वर्षी तू बाहेर. गाडीची टीम पण ठरलेली, नऊ जणांचा ग्रुप किंवा सहा जणांची तुकडी, कोण कुठे बसणार आणि उतरल्यावर काय करणार हे सीटवरच ठरतं.

पण मला जे सगळ्यात पटतं ते म्हणजे दिवसा कॉल आला तर कंपनीने सोडायचंच, पगार कापायचा नाही, आणि त्या तासांचे पैसे कंपनी गावाकडून मागून घेते. मी मीटिंगमधून उठून गेलोय, बॉस काही बोलू शकत नाही. तुमच्या त्या दुपारी अडीचवर हे औषध आहे.

अवांतर: आणि माणसं नाहीच मिळाली तर गाव सक्तीने भरती करू शकतं! झुल्ट बेटावरच्या लिस्ट गावात खरंच तशी सक्तीची फायर ब्रिगेड आहे, पत्र येतं घरी. काकांना पाठवूया का तिकडे.

खडूस_काका

पाठवा. बेटावर जायला मी तयार आहे.

नागपुरी_संत्रं

वाचतोय, मस्त धागा. आपल्याकडे नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज नागपूरला आहे म्हणून उगाच अभिमानाने डोकावलो. आपल्याकडे गावात आग लागली की बंब तालुक्याहून किंवा नगरपरिषदेतून येणार, तोवर लोक बादल्या, टँकर, शेतातली मोटर जे हाती लागेल ते घेऊन. म्हणजे माणसं असतातच, भरपूर असतात, ट्रेनिंग मात्र कोणालाच नाही. एमआयडीसीत कारखाने एकमेकांना मदत करायचे ग्रुप करतात, मार्ग म्हणतात त्याला, तिथे जरा शिस्त असते. गावात एक पंप आणि दहा शिकलेली पोरं ही कल्पना कोणी करून बघायला हवी.

बॅगपॅकर_एच१बी

मधेच विचारतो, एच-१बी वर हे चालतं का?

हॅलिगनवाला

@बॅगपॅकर, पैसे किंवा पैशासारखं काही मिळणार असेल तर सांभाळून. बऱ्याच जर्सी डिपार्टमेंट्समधे लोसॅप असतं, म्हणजे वर्षभरातल्या कॉल आणि ड्रिलच्या पॉइंट्सवर तुझ्या नावाने थोडी रक्कम जमा होते, काही ठिकाणी कॉलमागे पैसे देतात. ते तुझ्या व्हिसाला कसं लागतं हे आधी इमिग्रेशन वकिलाला विचार, चीफला नको, चीफला त्यातलं काही कळत नाही.

सेंट्रलजर्सीकर

मंडळी, खूप धन्स सगळ्यांना. जाऊन आलो ड्रिल नाइटला. चीफ साठीचे आहेत, छत काम करणारे, हात बघूनच कळतं. हॅलिगनवाल्यांचा प्रश्न तसाच्या तसा विचारला, की दिवसा मधल्या वारी आत जाऊ शकणारे किती. ते आधी हसले, मग दार लावलं आणि म्हणाले तीन, चांगल्या दिवशी चार. म्हणून घराच्या आगीचा कॉल आला की आता कंट्रोल रूमच आमच्याबरोबर अजून दोन गावांचे बंब एकदमच पाठवते, आधी जाऊन बघू आणि मग मागवू असं नाही. मला हे ऐकून बरं वाटलं, पण ती दोन गावंपण व्हॉलंटियरच आहेत आणि त्यांच्याकडेही दुपारचे तीनच असणार ना, तर तीन ठिकाणचे तीन-तीन मिळून नऊ. पंधरा नाहीतच.

अजून एक कळलं, इन्शुरन्स रेटिंगवाली आयएसओ आहे ती पण व्हॉलंटियरला पूर्ण माणूस धरत नाही, कॉलवर येणारे तीन म्हणजे ड्युटीवरचा एक असा ढोबळ हिशोब असतो म्हणे. म्हणजे मी दाढी काढून एक तृतीयांश होणार :)

गाडीला निळा दिवा लावायचा असतो तर त्याने सिग्नल तोडता येतो का हे पण विचारलं, तर अजिबात नाही, तो फक्त विनंतीचा दिवा, लोकांनी वाट दिली तर दिली, बाकी स्पीड लिमिट-सिग्नल सगळं सगळ्यांसारखंच. परवानगीचा कागद टाउनशिपकडून घ्यायचा.

पुढची बॅच सप्टेंबरला. फॉर्म घेऊन आलोय, डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे. बायको अर्धी तयार. चीफला मी म्हटलं हे तीन-चारचं तुम्ही कौन्सिलला का सांगत नाही, तर ते म्हणाले सांगितलंय, दरवर्षी सांगतो, मीटिंगला लोक येत नाहीत.

खडूस_काका

मी येतो. आणि चीफच्या तोंडी आकड्यावर राहू नकोस, ओपीआरए खाली अर्ज टाक, जर्सीचा माहिती अधिकारच आहे तो. गेल्या वर्षातल्या स्ट्रक्चर फायरच्या कॉल्सचा डिस्पॅच टाइम, पहिला बंब निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि त्यावर किती माणसं होती, एवढं माग. नावं मागू नकोस, उगाच वाद होतात. टाउनशिप क्लार्ककडे द्यायचा, फायर डिस्ट्रिक्ट (फक्त फायर डिपार्टमेंट बघणारी वेगळी स्थानिक संस्था) असेल तर त्यांच्या ऑफिसात.

हॅलिगनवाला

काकांशी पहिल्यांदाच सहमत. फायर डिस्ट्रिक्ट असेल तर अजून एक बघ, त्याचे कमिशनर निवडून येतात, आणि ते इलेक्शन पारंपरिकरीत्या फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी असतं, जेव्हा बाहेर बर्फ असतो आणि मतदानाला कमिशनरचे नातेवाईक सोडून कुत्रं फिरकत नाही. बंब किती घ्यायचे, दिवसा चार पगारी ठेवायचे की नाही, हे तिथे ठरतं. तू सिटिझन असशील तर जा. तारीख मात्र वेबसाइटवर बघून घे, काही डिस्ट्रिक्ट्सनी ते नोव्हेंबरच्या मुख्य इलेक्शनला हलवलंय.

सेंट्रलजर्सीकर

ग्रीन कार्ड आहे, मत नाही देऊ शकत. काका कुठल्या टाउनशिपचे?

खडूस_काका

तुझ्याच. व्यनि बघ.